मागच्या रांगेतला हंस

नर्तकीने म्हातारं होऊ नये, अशी आपली सगळ्यांची एक न बोललेली अट असते. गवयाला ती लागू नाही. ऐंशीच्या घरातला गवई दोन तानपुऱ्यांच्या मध्ये बसतो, खोकतो, पाण्याचा घोट घेतो, मागे बसलेला शिष्य स्वर सांभाळून धरतो, आणि मध्येच एखादी जागा जुन्या तेजाने लागली की सगळं सभागृह 'क्या बात है' म्हणून मोकळं होतं. पैलवान थकला की वस्ताद होतो. नट थकला की नायिकेचा बाप होतो. नर्तकी मात्र आपल्याला भिंतीवरच्या फोटोतच हवी असते. एका पायावर, बाविसाव्या वर्षी. त्यामुळे ९६ वर्षांची, वॉकर ढकलत चालणारी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेली एखादी बाई "मी बॅलेत नाचायचे" असं म्हणाली, तर ऐकणारा आधी तिच्या पायांकडे बघतो. मीही बघितलं. पायांत करड्या रंगाचे, वेल्क्रोच्या पट्ट्यांचे बूट होते. एक पाऊल पूर्वेला निघालं होतं, दुसरं पश्चिमेला.

माझी लेक लंडनच्या उत्तर भागात, गोल्डर्स ग्रीनला राहते. परदेशी मुलांकडे गेलेल्या आईबापांच्या वाट्याला जी खाती येतात ती मलाही मिळाली होती : नातीला शाळेतून आणणे, डिशवॉशर रिकामा करणे, कुठला कचरा कुठल्या डब्यात हे विसरणे आणि पार्सलं घेणे. यातल्या शेवटच्या खात्यामुळे ओळख झाली. तळमजल्यावरच्या बाईंचं खोकं आमच्या दारी आलं, ते मी पोचवायला गेलो. खोक्यात मांजराचं खाणं होतं. बाईंनी मला आत बोलावलं, किटली लावली, आणि किटलीला उकळी फुटेपर्यंत ओट्याची कड डाव्या हाताच्या दोन बोटांनी धरून गुडघे हळूहळू वाकवायला आणि सरळ करायला सुरुवात केली. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या. माझ्याशी बोलणं चालूच. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "ओटा घट्ट धरायचा नसतो. धरला की पाय आळशी होतात."

माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे मी खुर्चीत सरळ बसलो. नंतर पुण्याला परतेपर्यंत त्या घरात मी पोक काढून बसल्याचं मला आठवत नाही.

मला अर्थातच हंस ऐकायचे होते. चांदणं, तळं, टाळ्या, फुलांचे गुच्छ, एखादा रशियन राजपुत्र. बाईंनी ते दुसऱ्याच मिनिटाला निकालात काढलं. "मी नाव वगैरे काही कमावलं नाही हं. मी मागच्या रांगेत होते. डावीकडून सातवी." यात विनय नव्हता, खंतही नव्हती. एखाद्याने आपण कल्याणच्या स्टेशनात केबिनमॅन होतो असं सांगावं, तशी ती नोकरीची माहिती होती.

युद्ध संपलं तेव्हा त्या सतराच्या होत्या. कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये युद्धाच्या काळात चक्क सार्वजनिक डान्स हॉल चालायचा. रजेवर आलेले शिपाई तिथे जोडीने नाचायचे. २० फेब्रुवारी १९४६ ला ते 'स्लीपिंग ब्यूटी'ने पुन्हा उघडलं. राजाराणी आले, दोन्ही राजकन्या आल्या. कापड रेशनवर होतं, त्यामुळे परीकथेतल्या दरबाराचे भरजरी पोशाख मिळेल त्या चिंध्याचांध्यांतून उभे केलेले. बाईंनी तो खेळ नंतर कधीतरी अगदी वरच्या गॅलरीतून पाहिला. तिथून नायिकेचा भांग तेवढा दिसायचा. नायिका होती मार्गो फॉन्टेन. "पेगी हूकम तिचं नाव," बाई म्हणाल्या. "पण पेगी हूकमला शंभर वर्षं झोपलेली राजकन्या कोण मानणार?"

मग नावांचा विषय निघाला आणि बाई खुलल्या. इंग्रज प्रेक्षकाला बॅले म्हणजे परदेशी माल, शक्यतो रशियन. देशी पोरीने पाय कितीही उंच नेला तरी तिचं नाव कोपऱ्यावरच्या भाजीवालीसारखं असेल तर तिकिटं खपायची नाहीत. म्हणून लिलियन अॅलिस मार्क्सची अॅलिशिया मार्कोवा झाली. आयर्लंडातल्या एड्रिस स्टॅनसची निनेट द व्हॅल्वा झाली आणि तिनेच पुढे ज्याला 'रॉयल बॅले' म्हणतात ती संस्था उभारली. सगळ्यांत बहार म्हणजे नॉटिंगहॅमची हिल्डा बूट. पावलोवा या रशियन नर्तकीच्या कंपनीत जाऊन ती बुत्सोवा झाली. "मीसुद्धा एक 'ओवा' योजून ठेवलं होतं," बाई म्हणाल्या, "पण मागच्या रांगेची नावं इतक्या बारीक टायपात छापायचे की म्हटलं, कशाला शाई वाया घालवा!"

बाई एका फिरत्या कंपनीत होत्या. आठवडाभर एका गावात खेळ, रविवारी गाडीत बसून पुढच्या गावी. उतरायची सोय एखाद्या घरमालकिणीकडे. पोचल्या पोचल्या रेशनचं पुस्तक तिच्या हवाली करायचं आणि अंड्याची आशा सोडायची. मी मधेच 'कला' हा शब्द काढला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात मोजे वाळत घालण्यावरून झालेल्या भांडणाकडे वळल्या.

तरी हंस आलेच. पण आले ते मागच्या रांगेतून.

चायकोव्हस्कीचं 'स्वान लेक' पहिल्यांदा १८७७ मध्ये मॉस्कोत झालं. आज आपण बघतो तो नाच बराचसा १८९५ च्या पीटर्सबर्गच्या प्रयोगातून आलेला. त्यातल्या तळ्याकाठच्या प्रवेशात राजपुत्र आणि हंसकन्या यांचं एक संथ युगुलनृत्य आहे. व्हायोलिन आणि चेलो एकमेकांशी बोलतात, नायिका राजपुत्राच्या हातात कलंडते, सावरते, पुन्हा कलंडते. प्रेक्षक त्या दोघांना बघतात. बघायला हवंच. पण रंगमंचाच्या दोन्ही कडांना हंसिणींच्या रांगा असतात. त्या नुकत्याच जीव तोडून नाचलेल्या असतात, अंगावरचा घाम थंड पडत असतो, आणि आता त्यांनी फक्त उभं राहायचं असतं. एका पायावर भार, दुसरा मागे बोटांवर टेकलेला, हात पुढे मनगटाशी ओलांडलेले, मान कललेली.

"नाचणं काहीच नाही," बाई म्हणाल्या. "ते उभं राहणं! पोटरीत गोळा येतो. तो येताना कळतं, पण पाय बदलता येत नाही. नाकाला खाज सुटते. ती तर नेमकी तेव्हाच सुटते. शेजारणीचा श्वास ऐकू येतो, तिच्याही पोटरीत गोळा आलाय हे त्यावरून कळतं. आणि मधे त्या दोघांचं प्रेम चाललेलं. नायिका जितकी थोर तितकं प्रेम सावकाश. लोक म्हणायचे, हे कधी संपूच नये. आम्ही मनात म्हणायचो, आटप गं बाई."

मी तोवर 'स्वान लेक' दूरदर्शनवर आणि एकदा लेकीच्या आग्रहाने थिएटरात पाहिलं होतं. त्या बाजूच्या मुली मला पडद्यासारख्या, नेपथ्याचा भाग वाटल्या होत्या. बाईंना हे सांगितलं तर त्या रागावतील असं वाटलं. उलट त्या प्रसन्न झाल्या. "वाटल्या ना? म्हणजे चांगल्या उभ्या होत्या. मागच्या रांगेतली एखादी तुमच्या लक्षात राहिली, तर तिचं काहीतरी चुकलेलं असतं."

माझं लेझमीचं आयुष्य मला आठवलं. शाळेत १५ ऑगस्टला मीही मागच्या रांगेत असायचो. आमच्या पीटीच्या सरांचा सिद्धांत नेमका हाच होता, फक्त ते तो छडीने मांडायचे. शंभर पोरांच्या लेझमी एकदम खाली गेल्या पाहिजेत, एक जरी नंतर छनकली तरी पाहुण्यांना तीच ऐकू येते. मी बाईंना लेझीम समजावून सांगितली, दोन पावलं करूनही दाखवली. बाईंनी ती काळजीपूर्वक बघितली आणि विचारलं, "ज्याची नंतर छनकायची त्याचं काय व्हायचं?" मी छडीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात आमच्या सरांना पूर्ण पाठिंबा होता.

चार छोट्या हंसिणींच्या नाचात मात्र त्यांना काही वर्षं पुढे यायला मिळालं. तो नाच सगळ्यांना माहीत असतो. चौघी एकमेकींचे हात फुलीसारखे गुंफून धरतात आणि डोकी एकदम फिरवत, एकदम उड्या मारत आडव्या सरकतात. चौघींची उंची सारखी लागते. एकीचा पाय घसरला तर चौघी जातात. हात बांधलेले, त्यामुळे तोल सावरायलाही हात नाहीत. बाई डावीकडून दुसऱ्या असायच्या. उरलेल्या तिघी एकेक करून गेल्या, शेवटची काही वर्षांपूर्वी. "आता मला वाटेल त्या लयीत करता येईल," बाई म्हणाल्या आणि चहात साखर आहे का ते विचारलं.

एके दिवशी त्यांनी कपाटातून एक बूट काढला. जोडीतला एकच. रंग कधीकाळी गुलाबी असावा, आता जुन्या दस्तऐवजाचा झाला होता. चवड्यावर उभं राहायच्या या बुटात लाकूड असतं, अशी माझी समजूत होती, आणि बाईंच्या मते ती सगळ्यांचीच असते. लाकूडबिकूड काही नाही. गोणपाट, कागद आणि खळ यांचे थरावर थर, वर साटीन. बूट उलटा शिवतात, मग सुलटा करतात, मग भट्टीत वाळवतात. खळ वाळली की कडक होते, पायाच्या घामाने पुन्हा मऊ पडते, आणि मऊ पडली की बूट संपला. मोठ्या नर्तकीचा एका रात्रीत संपतो. मागच्या रांगेला तो पुरवावा लागायचा. नवा बूट आला की आधी त्याला बडवायचा : दारात चेपायचा, पायरीवर आपटायचा, तळवा वाकवून मोडायचा. नाहीतर रंगमंचावर हंस खडखड वाजतात. मग फिती आपल्या हाताने शिवायच्या. टोकाला जाड दोऱ्याने रफू करायचं, म्हणजे घसरत नाही आणि साटीन लवकर फाटत नाही. बाईंनी टोकावरचं रफू मला बोट लावून बघायला सांगितलं. टाके इतके दाट की खाली कापड आहे की नाही कळेना. ७० वर्षांपूर्वीचं ते रफू जसंच्या तसं होतं.

तळव्यावर एक ठसा होता, पुसट झालेला. लंडनमधल्या फ्रीड या १९२९ पासूनच्या दुकानात प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण असते : कुणाचं अक्षर, कुणाचा मासा, कुणाचा मुकुट. नर्तकीच्या पायाला एका कारागिराचा हात बसला की तिला आयुष्यभर त्याचाच बूट लागतो. दोघांची भेट बहुधा होत नाही. बाईंनाही आपला कारागीर कधी दिसला नाही. "तो वारल्याचं दुकानात कळलं तेव्हा मी रडले होते," त्या म्हणाल्या. "लग्न मोडलं तेव्हा एवढी नव्हते रडले. त्या सुमाराला नवीन बूट मापाने येत होते ना."

१८४२ साली रशियात मारी तालियोनी या नर्तकीच्या भक्तांनी तिचे बूट विकत घेऊन, शिजवून, रश्श्यासकट खाल्ले अशी एक आख्यायिका बॅलेच्या पुस्तकांत हमखास सापडते. मी ती वाचून गेलो होतो, मोठ्या हौसेने सांगितली. बाईंना माहीत होती. "तिचे बूट मऊ असायचे," त्या म्हणाल्या. "आमचे खाल्ले असते तर दात पडले असते."

गोल्डर्स ग्रीनला राहून पावलोवाचा विषय टळत नाही. तिचं 'आयव्ही हाउस' तिथेच नॉर्थ एंड रोडवर आहे. १९१२ पासून ती तिथे राहिली, बागेत तळं होतं, तळ्यात हंस होते, आणि जॅक नावाच्या एका हंसाची मान तिच्या गळ्यात पडलेली असा फोटो जगभर फिरला. १९३१ मध्ये हेगला ती वारली. अस्थी गोल्डर्स ग्रीनच्याच स्मशानभूमीत ठेवल्या आहेत. पलीकडे गोल्डर्स हिल पार्कमध्ये आम्ही कधीकधी जायचो : मी, बाई, वॉकर आणि आइस्क्रीमच्या आशेवर असलेली नात.

तिथल्या एका बाकावर बसून मी आमच्याकडची बाजू मांडली. पावलोवा हिंदुस्थानात येऊन गेली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून चित्रकार व्हायला लंडनला आलेल्या उदय शंकरला तिने नाचायला उभं केलं. १९२३ मध्ये कोव्हेंट गार्डनला तो तिच्याबरोबर कृष्ण झाला आणि ती राधा. नंतर ती त्याला म्हणाली, तुमच्या देशात जा, तिथलं शोध. रुक्मिणीदेवी बॅले शिकू लागल्या, त्यांनाही तिने हेच सांगितलं. मग रुक्मिणीदेवींनी भरतनाट्यम् हातात घेतलं, आणि त्या भरतनाट्यमचा आजचा क्रम ज्या चार भावांनी बसवला ते तंजावरच्या आमच्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारातले. मुंबईच्या लीला सोखींना पावलोवानेच धीर दिला; त्या 'मादाम मेनका' झाल्या आणि खंडाळ्याला त्यांनी नृत्याची शाळा काढली. एका रशियन बाईच्या सल्ल्याने केवढी उलथापालथ झाली बघा, असा माझा समारोप होता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तळ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे जो कोणी चांगलं नाचेल त्याला ती घरी पाठवायची. हुशार हो!"

पावलोवाबद्दल त्यांना आदर होता. फक्त तो तिच्या धंद्यातल्या अकलेबद्दल जास्त होता. फोटोत बुटाचं टोक नाजूक दिसावं म्हणून पावलोवा फोटोंवर हात फिरवून घ्यायची, प्रत्यक्षात टोक चांगलं रुंद असायचं, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे आता फोनच ते करून देतो.

हंसांबद्दल मात्र बाईंचं मत वाईट. पाण्यात असतात तोवर ठीक, त्या म्हणाल्या, पण कधी चालताना बघितलेत? पावलं बाहेर टाकून, कमरेतून डुलत. "आम्ही स्टेजवर जे करायचो ते हंसाचं नव्हतंच. हे बघा," आणि वॉकर पुढे ढकलून त्या चार पावलं चालल्या. "हे हंसाचं."

त्याच सुमाराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला. आपण सगळ्यांनी तो पाहिलाय. २०२० मध्ये जगभर गाजला होता. स्पेनमधली एक वृद्ध बाई, चाकाच्या खुर्चीत, स्मृती गेलेली. तिच्या कानाला 'स्वान लेक' लावतात आणि तिचे हात पंखांसारखे उघडायला लागतात. खाली 'कला मरत नाही' वगैरे आणि हात जोडलेल्या दहा बाहुल्या. माझेही डोळे भरून आले होते, म्हणून बाईंना दाखवला. त्यांना तो त्याआधी किमान अर्ध्या लंडनने दाखवलेला असावा. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि पुन्हा एकदा शेवटपर्यंत बघितला.

"हात चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "कोपर पडत नाही तिचं. पण मधे मधे ही कोण तरुण मुलगी घुसवलीय? ही ती नव्हे. आणि ही नाचतेय दुसरंच. ही पावलोवाची 'डाइंग स्वान', संगीत साँ-साँसचं. वर वाजतंय चायकोव्हस्की. दोन वेगळे हंस आहेत हो." मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, त्या बाईंनाही असंच संगीत लावून दाखवलंत का, हात हलले का. हलले असते. पण मग त्यांनी मलाही उभं केलं असतं.

माझी नात दर शनिवारी बॅलेच्या क्लासला जाते. वय सात. आमच्या घरात तिच्या गुलाबी घेरदार फ्रॉकचे फोटो तिघा आजीआजोबांच्या फोनवर स्क्रीन म्हणून आहेत. तिचं वार्षिक संमेलन चर्चच्या हॉलमध्ये होतं. लेकीने बाईंना आग्रहाने बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं. पोरी आल्या. एकीचं लक्ष आईकडे, एकीची फीत सुटलेली, एक मधेच थांबून रडली आणि पुन्हा नाचली. आमची नात अर्थात सगळ्यांत छान नाचली. हसली, हात सगळ्यांपेक्षा उंच नेला, शेवटी एक गिरकी जास्तीची घेतली. हॉलने तिला वेगळ्या टाळ्या दिल्या. बाई संपूर्ण वेळ मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होत्या.

घरी आल्यावर लेकीने केक कापता कापता, सहज विचारावं तसं विचारलं, "कशी वाटली?"

"मागे डावीकडून तिसरी एक होती ना, चष्मेवाली," बाई म्हणाल्या, "ती होईल."

क्षणभर कुणीच बोललं नाही. नात म्हणाली, "आणि मी?"

"तू फारच छान दिसत होतीस," बाई म्हणाल्या. "सारखी तूच दिसत होतीस."

नातीला हे कौतुक वाटलं आणि ती खूश होऊन आबाला दाखवायला जास्तीची गिरकी पुन्हा घेऊ लागली. लेकीला ते काय आहे ते बरोबर कळलं. बाईंच्या बशीत केकचा जो तुकडा पडला, तो बाकीच्यांच्या निम्मा होता. बाईंनी तो उचलून बघितला आणि म्हणाल्या, की कंपनीत असताना एवढाच मिळायचा.